चेंबरचा नट

आमच्या गाडीखालून मांजरसुद्धा जात नाही, असं धुळ्याच्या आमच्या कॉलनीत सगळे म्हणायचे. ते खोटं होतं. मांजर जायचं, फक्त अंग चोरून जायचं.

गाडी काळी, सेडान. घेतली तेव्हा रस्त्यावरच्या इतर गाड्यांसारखीच होती. मग माझ्या नवऱ्यानं कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या, रुंद टायर चढवले, चारी बाजूंनी खाली काळ्या प्लास्टिकची झालर लावून घेतली आणि गाडी जवळजवळ रस्त्यावर बसवली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. पाटबंधारे खात्यात दिवसभर फायली हलवणारा, भाजीवाल्याशीही अदबीनं बोलणारा माणूस, त्याला हे वेड कुठून लागलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. समोर बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना 'तो' म्हणतेय, कारण पानोपानी अहो लिहायला मला जमणार नाही.

स्पीडब्रेकर आला की गाडीतल्या सगळ्यांनी उतरायचं, हा आमच्या घरचा नियम होता. रिकामी गाडी तिरकी करून तो एकेक चाक हळूच पलीकडे न्यायचा आणि आम्ही पाहुणे सोडायला आल्यासारखे रस्त्याच्या कडेला उभे राहायचो. सासूबाई शिरपूरजवळच्या आमच्या गावच्या. दर वेळी पदर सावरत खाली उतरायच्या आणि अहिराणीत म्हणायच्या, "हाई गाडी शे का घोरपड? बठ्ठं गाव हासस रे भाऊ." तो हसायचा. गाडीबद्दल काहीही बोललं तरी त्याला राग येत नसे. राग यायचा तो दुसऱ्या कुणी गाडीला हात लावला की.

त्याला कारणही होतं. गाडी खाली केल्यावर पहिल्यांदा ती सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजवाल्याच्या रॅम्पवर तिचं पोट अडकलं. मग त्यानं बाजूनं जॅक घुसवायचा प्रयत्न केला, तो झालरीवर लागला आणि झालर फाटली. त्या दिवसापासून ऑइल बदलणं, फिल्टर बदलणं, खालचे बुश तपासणं, टायरची आतली कड झिजली का ते बघणं, सगळं घरी. घरी म्हणजे खरं तर गावी, कारण घरासमोर गाडीखाली शिरायला जागाच नव्हती.

गावी आमच्या शेताच्या कडेनं सिमेंटची चारी, म्हणजे पाटाच्या पाण्याची नाली, जाते. दोन्ही काठ मुरूम टाकून पक्के केलेले. दसऱ्याच्या सुमाराला चारी कोरडी असते आणि पाणी कधी सुटणार हे तर त्याच्याच कार्यालयात ठरायचं. शेतात शिरायला चारीवर टाकलेल्या ढाप्यावरून एका बाजूची चाकं पलीकडच्या काठावर घ्यायची आणि गाडी तशीच चारी मधोमध ठेवून पुढे सरकवायची. मग चारीत उतरून उताणं झोपलं की गाडीचं पोट बरोबर डोळ्यांसमोर. ही युक्ती त्याची. समोर उभं राहून हातानं खुणा करायचं काम माझं. जरा डावीकडे, अजून, बस, थांबा. एक चाक घसरलं असतं तर गाडी चारीतच बसली असती, त्यामुळे तेवढा वेळ आमचा एकमेकांवर पूर्ण विश्वास असायचा. संसारात बाकी वेळी तो इतका नसतो.

दिवसही ठरलेला होता, दसऱ्याचा. गावात त्या दिवशी जो तो गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आम्ही बौद्ध, आमच्याकडे ते नाही. आम्ही सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचो, वंदना व्हायची, आणि तिथून परत येताना हा म्हणायचा, "चला, लोक हार घालतात, आपण ऑइल घालू." पांढरा शर्ट काढून बनियनवर चारीत उतरायचा. मी मात्र पांढऱ्या साडीतच वर उभी. इंजिन गरम असतानाच तो खालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडायचा, घमेल्यात काळं ऑइल पडायचं, आणि त्याचा एखादा तरी ठिपका माझ्या साडीवर उडायचाच. जळकं ऑइल शेजारच्या घरचे नाना घेऊन जायचे, दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून.

नट परत बसवताना तो आवळायचा असा की पुढच्या वर्षी सोडताना त्यालाच पान्यावर पाय द्यावा लागायचा. मी म्हणायची, "अहो, आटे जातील." तो खालून म्हणायचा, "माझा हात आहे, मला कळतं." हे तो नेहमी म्हणायचा. म्हणून पुढचं सगळं मला इतकं लख्ख आठवतं.

त्या वर्षी दसऱ्याला ऑइल बदललं आणि दिवाळीत आम्ही भाऊबीजेला माझ्या माहेरी, बोदवडला निघालो. पारोळा मागे पडलं, एरंडोल जवळ आलं आणि स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमध्ये ऑइलचा लाल दिवा लागला. त्यानं त्याच क्षणी गाडी कडेला घेऊन बंद केली. इंजिन वाचलं ते त्यामुळेच. खाली वाकून पाहिलं तर ऑइलची धार. मागे रस्त्यावर लांबच लांब काळी रेघ. चेंबरचा नट शेवटच्या आट्यांवर लोंबत होता.

मी भडकले. भाऊ वाट बघतोय, डिकीत फराळाचे डबे, आणि हा हायवेच्या कडेला उभा. "माझा हात आहे, मला कळतं," असं मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. लोक अशा आठवणी सांगताना पुढे म्हणतात की मला फार पश्चात्ताप झाला. मला नाही झाला. नट सैल राहिला तर बायको भडकणारच. त्या नटामागे काय आहे हे मला काय माहीत असणार?

त्यानं वायसरवर खापर फोडलं. जुनीच तांब्याची वायसर परत टाकली होती म्हणे. मी रिक्षा थांबवून एरंडोलला गेले, ऑइलचा डबा घेऊन आले. तोवर त्यानं कडेला गाडीची दोन चाकं जरा उंच मातीवर चढवली होती आणि जेमतेम हात जाईल एवढ्या फटीतून नट आवळला होता. ऑइल ओतलं. थेंब थांबेना. तो परत आडवा झाला, परत आवळला. पाना दोन्ही हातांनी धरलेला. अंगठा सारखा निसटत होता. वर आला तेव्हा घामाघूम होता. थेंब पडतच होता.

"सरका," मी म्हटलं. आणि भाऊबीजेच्या नव्या साडीत, हायवेच्या धुळीत, मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीखाली हात घातला. पाना लावला आणि ओढला. नट फिरला. चांगला अर्धा वेढा फिरला. त्यानं जीव खाऊन आवळलेला नट माझ्या हातानं आणखी अर्धा वेढा फिरला. थेंब थांबला.

मी उठले, साडी झटकली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघा!" तो माझ्याकडे बघतच नव्हता. आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

त्यानंतर एकेक गोष्ट दिसायला लागली, किंवा आधीच दिसत होती आणि आम्ही बघायला लागलो. शर्टाचं वरचं बटण. पाण्याच्या बाटलीचं झाकण. भाकरी मोडताना डावा हात पुढे यायला लागला. सासूबाई गावाहून आल्या होत्या. जेवताना त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुना हातले काय व्हयनं रे भाऊ?" तो म्हणाला, काही नाही माय, ऑफिसात लिहून लिहून दुखतो. दुखत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा हात टेबलावर ठेवून नुसता बघितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस बसलं होतं, तिथे खड्डा पडला होता. मग सुया टोचून तपासण्या झाल्या, पुण्याला जाऊन आलो, परत तेच. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हातापासून सुरू झालंय, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध नाही. डॉक्टर चांगले होते, हळूहळू सांगत होते. सगळं ऐकून घेतल्यावर माझ्या नवऱ्यानं विचारलं, "गाडी चालवू ना?" डॉक्टर म्हणाले, चालवता येते तोवर चालवा. मला दोघांचाही इतका राग आला की मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडले.

पुढच्या दसऱ्याला तो म्हणाला, चला. मी म्हटलं, अहो, यंदा गॅरेजला देऊ. तो पांढरा शर्ट काढायला लागला. बटणं मी सोडली. चारीत उतरताना माझा खांदा धरला. नट सोडला मी, फिल्टर काढला मी, कारण तो आता त्याच्यानं फिरतच नव्हता. पण शेवटी नट आवळायची वेळ आली तेव्हा त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "दे. हे माझं." दोन्ही हातांच्या मुठी करून, अंगठे न वापरता, नुसत्या मनगटाच्या जोरावर त्यानं पाना ओढला. तोंड लाल झालं. "झालं," म्हणाला. "घट्ट आहे."

तो हात धुवायला विहिरीवर गेला. मी चारीत उतरले आणि नट परत आवळला. चांगला फिरला.

मग तसंच चालू राहिलं. त्या गाडीत तो बसायचा, मी बसायची, सासूबाई बसायच्या. मी दुसरं काय करणार होते? त्याच्या हातात आता त्याचं म्हणावं असं फार थोडं उरलं होतं. सही गेली होती, घास गेला होता, दाढी मी करत होते. नट आवळणं तेवढं राहिलं होतं. ते मी त्याला करू द्यायची, आणि तो तोंड फिरवायचा तेव्हा मागून जाऊन खरं काम करायची. मला वाटायचं, आपण फार हुशार आहोत.

मग स्टिअरिंग गेलं. रुंद टायरांमुळे ते आधीच जड. एका वळणावर त्याच्यानं ते फिरेना, गाडी रस्ता सोडून कापसाच्या शेतात गेली. कुणाला काही झालं नाही. तो शांतपणे खाली उतरला, माझ्या बाजूला आला आणि म्हणाला, "तू बस तिकडं." तेव्हापासून मी चालवते. स्पीडब्रेकरला आता कुणी उतरत नसे, कारण त्याला उतरवणं हेच मोठं काम झालं होतं. खाली झालर खरवडायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा.

पाय जायला लागले तेव्हा त्या गाडीनं सूड उगवल्यासारखं केलं. सीट इतकी खाली की चांगल्या माणसालाही उठताना दाराला धरावं लागतं. त्याच्या तर हातात धरायचं बळ नव्हतं आणि पायांत उठायचं. मी त्याच्या पँटचा पट्टा धरून त्याला वर ओढायची. दर महिन्याला जळगावला तपासणी. एकदा दवाखान्याच्या पोर्चमध्ये मी त्याला ओढला, त्याचे पाय दुमडले आणि आम्ही दोघं खाली पडलो, तो माझ्या अंगावर. लोक धावले. त्याला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "उद्याच्या उद्या ही गाडी उंच करते, नाहीतर जाळून टाकते!"

घरी आल्यावर तो म्हणाला, "विकून टाक. पण उंच करू नको." त्याची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती. शब्द पाण्यातून आल्यासारखे यायचे. मी विचारलं, का? एवढा कसला हट्ट? तो म्हणाला, "खाली आहे तोवर मी माझ्या गाडीतून फिरतोय. उंच केली की ती पेशंटची गाडी."

मी म्हणाले, "पेशंट आहातच तुम्ही." हे बोलायला नको होतं असं कुणालाही वाटेल. पण दिवसातून दहादा त्याला उचलणारी मी होते, आणि माझी कंबर मोडत होती. कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेल्या होत्या. मी त्या काढल्या नाहीत. त्यानंही विषय काढला नाही. आम्ही दोघं त्या स्प्रिंगांखाली राहत होतो.

सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. एकदा दवाखान्यातून परतल्यावर मी घराचं कुलूप उघडून येईपर्यंत त्यांना राहवलं नाही. गाडीचं दार उघडून त्या लेकाला उठवायला गेल्या. त्याच्या काखेत हात घालून वर ओढलं आणि पाठीत अशी कळ आली की तिथेच गाडीजवळ मटकन बसल्या. मी धावले. त्याला ना आईला धरता येत होतं, ना स्वतः उतरता येत होतं. तो सीटवर बसून त्यांच्याकडे बघत होता आणि त्या जमिनीवर बसून त्याला म्हणत होत्या, "काहीच नही व्हयनं रे भाऊ, काहीच नही व्हयनं." मी आधी त्यांना उठवलं, मग त्याला.

त्या दिवशी चहा पाजताना तो म्हणाला, "स्प्रिंगा काढ."

गॅरेजमध्ये गाडी दिली. स्प्रिंगा बदलल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती रॅम्पवर सरळ चढली. जेवणाच्या वेळेपर्यंत काम झालं. झालरही मी काढायला लावली. गाडी घरी आणली तेव्हा तो दारात खुर्चीत बसला होता. बघत राहिला. मग म्हणाला, "बैलगाडी केलीस." मला वाटलं होतं तो रडेल. तो हसत होता, आणि रडत होते मी.

या वर्षी दसऱ्याला गावी गेलो नाही. त्याला एवढा प्रवास आता सोसत नाही. विहारातही मी एकटीच जाऊन आले. परत आले तर तो अंगणात, खुर्चीत, मान एका बाजूला टेकवून बसलेला. सासूबाई शेजारी. पांढरा शर्ट घालूनच बसला होता, आईकडून घालून घेतला असावा. त्यानं डोळ्यांनी गाडीकडे खूण केली.

आता चारी लागत नव्हती, ढापा लागत नव्हता, समोर उभं राहून कुणी खुणा करायची गरज नव्हती. गाडी इतकी उंच झाली होती की पोतं अंथरलं आणि मी सरळ आत सरकले. शेंबडं पोरही शिरेल अशी. ज्याच्यासाठी आजवर एवढी खटपट केली तो माणूस तेवढा बाहेर बसला होता. मी नट सोडला, घमेलं भरलं, फिल्टर बदलला, नवीन वायसर टाकली, नट हातानं बसेल तेवढा बसवला. मग बाहेर आले आणि पाना घेऊन त्याच्यापाशी गेले. मनात ठरवून ठेवलं होतं की पाना त्याच्या मांडीवर ठेवायचा, त्याचा हात त्यावर ठेवायचा, मग आत जाऊन आवळायचं. त्याचं ते त्याचं राहील.

मी त्याचा हात उचलला. त्यानं मान हलवली. मग बोलायला लागला. एकेक शब्द सुटायला वेळ लागत होता. सासूबाईंना कळत नव्हतं, मला कळत होतं.

"यंदा तूच आवळ," तो म्हणाला. "मी हात धुवायला गेलो की... परत खाली उतरावं लागायचं तुला. दर वेळी."

मी त्याच्याकडे बघितलं. मी पाना घेतला आणि परत गाडीखाली गेले. एकदाच ओढला. नट घट्ट बसला, आणखी फिरायला जागा नव्हती. वर इंजिन होतं, बाजूला चाकं होती, आणि चाकांच्या मधून मला फक्त त्याचे पाय दिसत होते, खुर्चीच्या फळीवर सासूबाईंनी नीट ठेवून दिलेले.

"व्हयनं का माय?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"अजून थोडं बाकी आहे," मी म्हटलं.